काळ्या डोळ्यांचा पांढरा मासा

टब दुकानाच्या दारात अडकला आणि शंकासूरला पहिला संशय आला.

खरं तर तिला संशय यायला टब अडकायचीही गरज नव्हती. बारा वर्षांची ही मुलगी वाढदिवसाच्या भेटीचं खोकंसुद्धा आधी कानाशी धरून हलवायची. दुकानदाराने एखादी वस्तू जास्तच गोड हसून दिली, की ती उलटीपालटी करून बघायची. घरात सगळे तिला शंकासूरच म्हणत, इतके की खऱ्या नावाने कुणी हाक मारली तर तीच दचकायची. सुट्टी लागल्या लागल्या ती धाकट्या भावाला घेऊन मामाकडे आली होती. या भावाला सगळे बोका म्हणत, आणि ते नाव का पडलं हे स्वयंपाकघरातल्या रिकाम्या डब्यांना विचारावं.

मामाचं रंगीत माशांचं दुकान होतं आणि दुकानाच्या वरच घर. आत्ता मामा टबाची एक बाजू धरून दारात उभा होता. दुसरी बाजू धरली होती टबवाल्या काकांनी. हे काका आपल्या घरामागच्या शेडमध्ये मासे वाढवायचे आणि गावातल्या दुकानांना पुरवायचे.

"तिरका करा," मामा म्हणाला.

"तिरका केला तर पाणी सांडेल," टबवाले म्हणाले.

"मग दार तिरकं करून देऊ का?" गल्ल्यावरून मामीने विचारलं.

शेवटी दाराची दुसरी फळी उघडली आणि टब मागच्या खोलीत पोचला. मागच्या खोलीत लोखंडी मांडणीवर टाक्याच टाक्या होत्या. हवेचे पंप सतत घुं घुं करत होते आणि फरशी कायम ओली असायची. टब खाली ठेवून मामाने वरचं झाकण असं काढलं, की जणू आत सिंहासनच आहे.

आत होता एक भलामोठा कॅटफिश. हातभर लांब, अंगावर चिलखतासारखे खवले, चपटं डोकं, तोंडाशी दोन आखूड मिशा आणि पाठीवर शिडासारखा उंच पंख. सगळा पांढराफटक. डोळे तेवढे काळेभोर.

मामाचा आवाजच बदलला. तो मुलांना समजावून सांगू लागला, की या जातीचा मासा एरवी तपकिरी असतो, अंगभर ठिपके असतात. पांढरे निघतात ते अल्बिनो. त्यांच्या अंगात काळा रंग तयारच होत नाही, म्हणून त्यांच्या डोळ्यांत रक्ताचा लाल रंग दिसतो. तसे मासे कुठल्याही दुकानात मिळतात. पण अंग पांढरं आणि डोळे काळे, तेही एवढा मोठा, असा मासा मामाने उभ्या आयुष्यात बघितला नव्हता. टबवाले काकांचा चेहरा नुसता फुलला होता. हा मासा त्यांनी बोटाएवढा असल्यापासून वाढवला होता आणि आपल्या शेडमध्ये नवाच रंग जन्माला आला, असं ते भेटेल त्याला सांगत होते.

"रस्त्याकडच्या मोठ्या टाकीत हा ठेवला ना," मामा म्हणाला, "की माणसं बस चुकवून बघत उभी राहतील."

"आणि काकांना याच्या बदल्यात काय?" शंकासूरने विचारलं.

मामा एकदम पंपाची नळी तपासू लागला. टबवाल्यांनी भाबडेपणाने सांगून टाकलं, "म्हातारी. रविवारी संध्याकाळी घेऊन जाणार."

मामाची मुलगी इतका वेळ दाराशी उभी होती. तिचा आवाज इतका बारीक, की तिला चिमणी हे नाव पडलं होतं. ती वळली आणि जिना चढून वर गेली.

म्हातारी म्हणजे चिमणीची अल्बिनो. तिघींपैकी, म्हणजे चिमणी, शंकासूर आणि म्हातारी यांच्यापैकी, सगळ्यात निवांत स्वभावाची. अंग लोण्यासारखं पिवळट पांढरं, डोळे डाळिंबाच्या दाण्यासारखे लाल. ती दिवसभर काचेला तोंड चिकटवून ओठ हलवत बसायची आणि बघणाऱ्याला वाटायचं, दात पडलेली एखादी म्हातारी स्वतःशीच पुटपुटतेय. एका गिऱ्हाइकाने बोटाएवढी असताना ती आजारी म्हणून परत आणून दिली होती. मामाने आशा सोडली होती. चिमणीने तिला वेगळ्या टाकीत ठेवून, रोज पाणी बदलून, काकडीच्या चकत्या भरवून वाढवली. आता तर ती चिमणीच्या हाताला येऊन चिकटायची. एवढी मोठी अल्बिनो मादी गावात दुसरी नव्हती, म्हणून पिल्लांसाठी ती टबवाल्यांना हवी होती.

त्या दुपारी चिमणी काकडी चिरत बसली होती आणि डोळे पुसत होती. शंकासूरने तिला विचारलं, की तू मामाला नाही म्हणून का सांगत नाहीस.

"बाबांनी ठरवलंय ना," चिमणी म्हणाली. "दुकान बाबांचं आहे."

"मासा तुझा आहे."

"टाकी बाबांची आहे," चिमणी म्हणाली आणि पुढची चकती कापायला घेतली.

शंकासूरचं डोकं तापलं. मामा तिचा लाडका होता, पण या वेळी तो तिला मुळीच आवडला नाही. आणि त्या माशात काहीतरी काळंबेरं आहे याची तर तिला आता खात्रीच पटली. टबवाले काका जाताना सूचनांवर सूचना देऊन गेले होते. मासा रविवारपर्यंत माझ्याच टबात राहू द्या, त्याला सवय आहे. दिवा चालू ठेवा. टब पुसायला मी रोज सकाळी स्वतः येईन. एवढी काळजी कशासाठी? ज्याचं सगळं सरळ आहे तो माणूस रोज स्वतः कशाला येईल?

"मला वाटतं, रंग लावलाय," ती बोक्याला म्हणाली.

बोक्याला हा तर्क फारच आवडला. संध्याकाळी मामा गिऱ्हाइकात गुंतलेला पाहून दोघं मागच्या खोलीत शिरले. बोक्याने बाही वर करून माशाची पाठ आपल्या रुमालाने चांगली घासली. मासा बिचारा जागचा हलला नाही. रुमालाला थोडा बुळबुळीतपणा लागला, बाकी काही नाही. रंग निघाला नाही. बोक्याचा रुमाल मात्र आधीपेक्षा बराच स्वच्छ झाला.

दुसऱ्या दिवशी प्रकरणाने भलतंच वळण घेतलं.

झालं असं, की चिमणीला त्या माशाचीच दया आली. त्याच्यामुळे म्हातारी जाणार हे खरं, पण त्या बापड्याचा काय दोष? चहूकडे पांढराशुभ्र टब, वर दिवा, अंग चोरायला कुठे कोपरा नाही. या जातीच्या माशांना दिवसा लपायला आवडतं हे तिला म्हातारीमुळे माहीत होतं. म्हणून टबवाले काका सकाळी टब पुसून गेल्यावर तिने काळ्या पाइपाचा एक रुंद तुकडा आत टाकला. मासा सुळकन त्यात शिरला आणि तिथेच बसून राहिला.

दुपारच्या जेवणानंतर शंकासूर पाळत ठेवायला म्हणून गेली. पाइपाच्या तोंडातून डोकं बाहेर आलं होतं. ती वाकून बघायला लागली आणि तिचे डोळे विस्फारले. डोकं पांढरं नव्हतं. राखाडी होतं, आणि त्यावर तपकिरी ठिपके होते.

"मासा बदलला!" ती ओरडली. "बोक्या, मामाला बोलाव!"

मामा गिऱ्हाइकाच्या पिशवीत मासे भरत होता. तो येईपर्यंत बराच वेळ गेला. तेवढ्या वेळात शंकासूर गप्प थोडीच बसणार? तिला वाटलं, पांढरा मासा पाइपात कोंबून ठेवला असेल. म्हणून तिने ठिपक्यांच्या माशाला टबात सरकवून पाइप बाहेर काढला, त्यात डोळा घालून आरपार बघितलं, उलटा करून आपटला. आत काहीच नव्हतं. शेवटी मामा हात पुसत आला आणि टबात डोकावला.

"कुठे आहेत ठिपके?"

शंकासूरने पाहिलं. राखाडी रंग बराच उतरला होता. ठिपके शोधून काढावे लागावेत इतके पुसट झाले होते. मामाने ते शोधलेच नाहीत. तो म्हणाला, तुझ्या संशयाला शाळेसारखी सुट्टी का नसते गं, आणि परत गिऱ्हाइकाकडे गेला.

शंकासूरला रात्री जेवण गेलं नाही. बोक्याने तिचं पान संपवलं आणि मग विचारपूस केली. तिच्या मते सगळं स्पष्ट होतं. टबवाले काका सकाळी झाकणाची बादली घेऊन आले होते, उद्याही आणतील. त्या बादलीत दुसरा मासा असणार. एक पांढरा दाखवायचा आणि एक ठिपक्यांचा द्यायचा. अदलाबदलीची ही रंगीत तालीम चालली आहे.

"पण मग परत पांढरा कसा झाला?" चिमणीने विचारलं.

"तेच तर बादली उघडल्यावर कळेल."

सकाळी टबवाले काका बादली घेऊन आले. बोका दारातच दबा धरून बसला होता. ठरल्याप्रमाणे तो धडपडत आला आणि बादलीवर असा काही आदळला, की झाकण एकीकडे, बादली दुसरीकडे आणि पाणी काकांच्या बुटांत. फरशीवर पडलं काय? एक स्पंज, दोन फडकी आणि एक जुना दात घासायचा ब्रश.

आता ओरडा बसणार म्हणून तिघांनी अंग चोरलं. पण काकांनी आधी बोक्याचा गुडघा बघितला. मग बूट काढून पाणी ओतलं आणि म्हणाले, "आमच्याकडे मासे पोहतात, माणसं नाहीत." तो दात घासायचा ब्रश टबाच्या कडा घासायला होता. पांढऱ्या टबाचं हेच बरं, ते सांगू लागले, घाण लगेच दिसते. त्यांच्या शेडमधले सगळेच टब पांढरे होते. एकही मासा त्यांनी दुसऱ्या कशात कधी वाढवला नव्हता.

काका गेल्यावर शंकासूर मोरीच्या कट्ट्यावर तोंड पाडून बसली. तिला थोडी लाजही वाटत होती, पण संशय सुटत नव्हता. ठिपके तिने स्वतःच्या डोळ्यांनी बघितले होते.

चिमणी टबाशी उकिडवी बसली होती. ती हळूच म्हणाली, "ताई, काल तू ठिपके बघितलेस तेव्हा मीही आले होते. त्या माशाच्या पाठीवरच्या पंखाचा पहिला काटा मोडका होता. याचाही मोडका आहे."

"म्हणजे मासा एकच?"

"एकच. मी पाइप टाकला तेव्हा पांढरा होता. पाइपात बसून ठिपके आले. तू पाइप काढलास आणि गेले."

शंकासूर कट्ट्यावरून खाली उतरली. तिने टबाकडे असं बघितलं, की जणू इतके दिवस चोर समोर बसून चहा पीत होता आणि आपण शेजाऱ्यांची झडती घेत होतो. तिला आता काका नकोत, बादली नको. तिचा सगळा संशय टबावर आला होता.

"मासा पांढरा नाहीये," ती म्हणाली. "टब पांढरा आहे!"

म्हणजे हा मासा ज्या रंगावर बसतो तसं अंग फिकट किंवा गडद करतो. जन्मापासून पांढऱ्या टबात, तर जन्मापासून पांढरा. काळा रंग त्याच्या अंगात आहेच, म्हणून तर डोळे काळे. बोक्याला हे पटलं, पण चिमणीच्या मनात भीती शिरली. म्हातारीही तशीच असली तर? तीही नुसती फिकट पडलेली असली तर? म्हणून त्यांनी आधी तिचीच परीक्षा घेतली. टाकीच्या मागे चिकटवतात तो काळा प्लॅस्टिकचा कागद मामाच्या दुकानात गुंडाळीने होता. तो म्हातारीच्या टाकीच्या तळाला आणि चारी बाजूंनी आतून लावला, वरून गोटे ठेवले. अख्खा दिवस गेला. म्हातारी काळ्या कागदावर होती तशीच लोण्यासारखी बसून पुटपुटत राहिली. तिच्या अंगात काळा रंगच नव्हता, तर ती तो आणणार कुठून? चिमणी त्या दिवशी पहिल्यांदा हसली.

आता प्रश्न राहिला मोठ्या माणसांना दाखवायचं कसं. मामाला सांगून उपयोग नव्हता. तो म्हणणार, संशयाला सुट्टी दे. त्याला समोर दिसायलाच हवं होतं, आणि त्यासाठी रविवारी सकाळपासून संध्याकाळपर्यंत तो मागच्या खोलीत फिरकायला नको होता.

"हे मी करते," चिमणी म्हणाली.

रविवारी सकाळी टबवाले काका टब पुसून गेले, तशी ती मामासमोर जाऊन उभी राहिली. म्हातारीचा आजचा शेवटचा दिवस आहे, तर मला संध्याकाळपर्यंत तिच्यापाशी बसू द्या, आणि कुणी आत यायचं नाही, असं तिने सांगितलं. मामाला तिच्याकडे बघवेना. तो फक्त मान हलवत बरं म्हणाला आणि लागेल ते सामान मागच्या खोलीतून आधीच काढून दुकानात आणून ठेवलं. मामी गल्ल्यावरून लेकीकडे बराच वेळ बघत होती.

तिघांनी दार लोटून घेतलं आणि पांढऱ्या टबात काळा कागद अंथरला. तळाला, कडांना, सगळीकडे. सुरुवातीला तर काहीच झालं नाही. बोका दर थोड्या वेळाने विचारत होता, झालं का. दुपार झाली तरी मासा जरासा मळकट झाला एवढंच. शंकासूरला वाटलं, आपलं चुकलं असेल तर? म्हातारी जाणार, ती जाणारच, वर चिमणीला खोटी आशा लावल्याचं पाप आपल्या माथी. मग चिमणीने तिची बाही ओढली. शेपटीपाशी एक ठिपका उमटला होता. मग दुसरा. चहाची वेळ होईपर्यंत सगळा मासा राखाडी-तपकिरी झाला होता आणि अंगभर ठिपके होते.

टबवाले काका येताना ट्रंकेएवढी नवी टाकी घेऊन आले होते. म्हातारीसाठी. मामा त्यांना घेऊन मागे आला, मामीही मागोमाग आली. मामाने टबात बघितलं आणि त्याचा चेहरा पडला.

"हा कुठला मासा?" तो मुलांवर गरजला. "पांढरा कुठे ठेवलात? बोक्या, खरं सांग!"

"हाच आहे," शंकासूर म्हणाली. "काळ्यावर बसला की असा होतो."

"उगाच काहीतरी सांगू नकोस. ताईला फोन करू का, तुझ्या आईला?"

त्या क्षणी सगळं टबवाल्या काकांच्या हातात होतं. पोरांनी माझा मासा पळवला, एवढं म्हणायचा अवकाश, मामाचा त्यांच्यावर लगेच विश्वास बसला असता. शंकासूरला वाटलं, आता हे तेच म्हणणार. काका गुडघ्यावर बसले. त्यांनी पाण्यात हात घालून माशाच्या पाठीवरचा पंख अलगद उभा केला.

"हा माझाच आहे," ते म्हणाले. "हा काटा माझ्याच जाळीत अडकून मोडला होता."

शंकासूरने काळा कागद हळूच सोडवून बाहेर काढला. सगळे टबाभोवती बसले, मामीसुद्धा ओल्या फरशीवर बसली. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर ठिपक्यांच्या कडा आधी पुसट झाल्या, मग ठिपके विरत गेले, मग राखाडी रंग उतरत गेला. काका एकटक बघत होते. इतकी वर्षं ज्याला ते नवा रंग म्हणत होते, तो त्यांच्या टबाचा रंग होता. त्यांनी तो कधी दुसऱ्या रंगावर ठेवलाच नव्हता, तर त्यांना कळणार कसं? त्यांचे डोळे भरून आले होते. ते बघून शंकासूरला इतकं वाईट वाटलं, की तिने सरळ सांगून टाकलं, काका, मी तुम्हाला चोर समजत होते.

"मला वाटलंच," ते म्हणाले. "बुटांत पाणी उगाच नाही जात." आणि इतकं होऊनही ते थोडंसं हसले.

मामाने कपाळावर हात मारला. नवा मासा नेणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तो स्वतःच सांगायचा, की घाबरू नका, जागा बदलली की रंग फिका पडतो, मग येतो परत. सगळ्या गावाला सांगितलं आणि स्वतःच विसरलो, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. पांढरा मासा दिसला आणि आपले डोळेच दिपले. मग त्याने शंकासूरच्या पाठीवर इतक्या जोरात थाप मारली, की ती टबात पडता पडता वाचली. या पोरीच्या संशयाला यापुढे कुणी नावं ठेवायची नाहीत, असं त्याने जाहीर केलं. टबवाल्यांनीही मान डोलावली आणि सांगितलं, की उद्या तिघांनी शेडवर यायचं, माझा एकेक मासा काळ्यावर ठेवून मला बघायचाच आहे. बोक्याने लगेच विचारलं, खायला काय असेल.

"भाचीचं कौतुक झालं असेल," मामी म्हणाली, "तर आता लेकीकडे बघता का जरा?"

चिमणी म्हातारीच्या टाकीला टेकून उभी होती. मामा तिच्याकडे गेला. सौदा मोडला, म्हातारी कुठे जात नाही, आता झालं ना मनासारखं, असं काहीतरी तो म्हणाला.

चिमणीने नकारार्थी मान हलवली. म्हातारीने काचेवर तोंड टेकवलं होतं, तिथेच पलीकडून चिमणीने हात ठेवला होता.

"तो खरा पांढरा निघाला असता तर?" तिने विचारलं.

खोटं बोलायला मामाला जागाच नव्हती. तो खाली बसला, तिच्या उंचीला आला आणि म्हणाला, "तर मी दिली असती. तुला न विचारता."

"मग आता विचारा."

आवाज बारीकच होता, पण खोलीतल्या सगळ्यांना ऐकू गेला. बोक्यानेसुद्धा चुळबुळ थांबवली. मामाने घसा साफ केला आणि सौदा मोडलेला असूनही, टबवाल्या काकांच्या समोर, लेकीला विचारलं, "म्हातारी द्यायची का?"

"नाही," चिमणी म्हणाली.